तलावपाळीवर मोने, टपरीवर ब्राक: आधुनिक पाश्चात्त्य चित्रकला हाताने शिकण्यासाठी

इम्प्रेशनिझम १८७४, फोव्हिझम १९०५, क्युबिझम १९०७. ही यादी परीक्षेपुरती पाठ होते आणि परीक्षा संपली की विसरते, कारण तिच्यात सनावळी असते, अडचण नसते. इम्प्रेशनिस्ट मोनेचं नेमकं काय अडलं होतं, क्युबिस्ट ब्राकने ब्रश ठेवून कात्री का घेतली, अमेरिकन चित्रकार पोलॉकने कॅनव्हास जमिनीवर का अंथरला, हे रंग हाताला लागल्याशिवाय कळत नाही. या प्रत्येक चळवळीने आधीच्यांकडून आलेलं काहीतरी टाकून दिलं. कोणी काळा रंग टाकला, कोणी बाह्यरेषा, कोणी एका जागी उभं राहून बघणं, कोणी चक्क ब्रशच. तीच गोष्ट आपण टाकून बघायची. मग काय अडतं आणि काय मोकळं होतं, ते कागदच सांगतो.

यासाठी विषय एकच ठेवा. ठाण्यात असाल तर तलावपाळी उत्तम. पाणी, तळ्यातलं देऊळ, बोटी, काठाची झाडं, मागे इमारतींची रांग, सगळं एका नजरेत मिळतं. नवी मुंबईकरांना वाशीचं मिनी सीशोर किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई चालेल. दृश्य बदलत राहिलात तर फरक दृश्यामुळे पडला की रीतीमुळे, हे कळत नाही.

सामानात ११ बाय १५ इंचाचे २२० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद डझनभर घ्या. अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, सेरुलियन, व्हिरिडियन, बर्न्ट अंबर, काळा. चपटे ब्रश ६ आणि १२ नंबरचे, गोल ब्रश १ नंबरचा. पांढरा रंग बाकीच्यांच्या दुप्पट लागतो, मोठी ट्यूब घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ. एप्रिल-मेच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच पाच-दहा मिनिटांत साय धरतं आणि जुलैत कागदच ओला असतो. उन्हाळ्यात जायचंच असेल तर स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढा. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतो.

चाळीस मिनिटांचा मोने

इम्प्रेशनिझम, म्हणजे आपल्या पुस्तकांतला दृक्प्रत्ययवाद, प्रतिभेइतकाच हार्डवेअरमुळे झाला. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या, दाबता येणाऱ्या रंगाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी एकदा टोचली की उरलेला रंग वाळत जाई, गळे, फुटे. ट्यूब आल्यावर दहा रंग खिशात टाकून नदीकाठी जाता येऊ लागलं. त्यातच धातूच्या पकडीचे चपटे ब्रश मिळू लागले, म्हणजे एका फटक्यात चौकोनी ठिपका टाकता येई. रासायनिक अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, सेरुलियन हे भडक रंगही त्याच शतकातले. पॅरिसच्या बुलव्हार दे कापुसिनवर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत १८७४ च्या एप्रिलमध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा हे सगळं सामान हाताशी आलेलं होतं.

आदल्या दिवशी कागदावर पांढऱ्यात चिमूटभर ऑकर घालून फिकट सायीसारखा हात मारा आणि वाळू द्या. पूर्वी गडद तपकिरी अस्तरावर चित्र चढवत. फिकट अस्तरामुळे वरचा पातळ रंगही आतून उजळतो. काळा आणि अंबर घरी ठेवून निघा. सकाळी साडेसहा-सातला पोहोचा. रविवारी संध्याकाळी तलावपाळीवर इझल लावणं म्हणजे स्वतःचंच प्रदर्शन मांडणं.

पेन्सिल नको. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्या हाताला ही पहिली ठेच लागते, कारण आधी रेषा आणि मग आत रंग ही सवय बोटांत मुरलेली असते. १२ नंबरच्या ब्रशने पाच मिनिटांत पाच मोठे तुकडे टाका: आकाश, इमारती, झाडं, पाणी, अलीकडचा काठ. त्यानंतर लगेच सावल्या घ्या, कारण त्या सरकतात. ऊन कुठे जात नाही, पुढच्या दहा मिनिटांतही टाकता येतं. सावलीसाठी अल्ट्रामरीन, थोडा क्रिमसन आणि पांढरा. सकाळचं ऊन पिवळट असतं, त्यामुळे सावली आपोआप निळी-जांभळी दिसते. विश्वास बसत नसेल तर पांढऱ्या रुमालावर हाताची सावली पाडून बघा.

पाण्याला दोन नियम पुरतात. प्रतिबिंब उभ्या फटक्यांनी आणि त्यावरून जाणारी लाट आडव्या फटक्यांनी. शिवाय उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित गडद, गडद वस्तूचं किंचित उजळ. झाडाचा हिरवा आणि त्याच्या प्रतिबिंबाचा हिरवा एकाच वाटीतून उचललात तर पाणी काचेच्या टेबलासारखं टणक दिसतं.

हमखास बिघडतं ते इथे: रंग मातकट होतो. एका मिश्रणात पांढऱ्याशिवाय दोनच रंग ठेवा, तिसरा आला की चिखल सुरू. ब्रश दोन ठेवा, एक पिवळ्या-लाल रंगांचा, एक निळ्या-हिरव्यांचा. टाकलेल्या फटक्यावरून परत फिरू नका. चुकला असेल तर वाळू द्या आणि शेजारी बरोबर फटका टाका. मोबाइलचा फोटो रंगासाठी बघू नका, तो सावल्या काळ्या करतो, आणि काळा तर आपण मुद्दाम घरी ठेवला आहे.

चाळीस मिनिटं झाली की थांबा. चित्र अर्धं असलं तरी. पुढे रंगवलंत तर अर्ध्या कागदावर सातचं ऊन आणि अर्ध्यावर आठचं येईल. मोनेलाही हेच नडलं. रुआँच्या कॅथीड्रलची चित्रं (१८९२-९४) करताना तो समोरच्या इमारतीतल्या खोलीतून एकाच वेळी अनेक कॅनव्हास चालवी आणि प्रकाश बदलला की पुढचा कॅनव्हास ओढी. एकाच दर्शनी भागाची तीसहून जास्त चित्रं झाली. आपण तीन करू: सकाळी सात, सकाळी नऊ, संध्याकाळी साडेपाच. तिन्ही एकाच जागेवरून, एकाच मापाची. घरी तीन कागद शेजारी लावले की देवळापेक्षा हवा जास्त रंगवली गेली आहे हे दिसतं.

ठिपके, आणि पिवळ्या-निळ्याची अफवा

जॉर्ज सरा याच्या बिंदुवादाबद्दल सर्रास सांगितलं जातं की पिवळा आणि निळा ठिपका शेजारी ठेवला की लांबून हिरवा दिसतो. करून बघा, राखाडी दिसतो. रंग वाटीत कालवले की एकमेकांचा प्रकाश खातात आणि हिरवा उरतो. ठिपके मात्र डोळ्यात प्रकाश म्हणून एकत्र येतात आणि त्यांची सरासरी होते. पिवळ्या आणि निळ्याची सरासरी करडी. म्हणून सराने गवत हिरव्यानेच रंगवलं आणि उन्हाच्या जागी त्यावर नारिंगी-पिवळे, सावलीच्या जागी निळे ठिपके पेरले.

याच्या मागे शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ आहे. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या राजकीय कारखान्यात तो रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा होत नाही, अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात, हा नियम त्याने १८३९ साली मांडला. सराने तो वाचून पचवला.

अख्खा कागद ठिपक्यांनी भरायला जाऊ नका, मान मोडेल. सकाळच्या चित्रातला झाड आणि पाणी जिथे भेटतात तो तुकडा निवडा आणि १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनात मोठा करा. पहिला थर पातळ, सपाट: झाड हिरवं, पाणी निळसर. वीस मिनिटं वाळू द्या. दुसऱ्या थरात उन्हाचे ठिपके, तिसऱ्यात सावलीचे. चौथ्यात कडा बघा. जिथे गडद झाड उजळ पाण्याला टेकतं तिथे पाणी आणखी थोडं उजळ करा, झाड आणखी थोडं गडद. ठिपका दोन मिलिमीटरचा ठेवा, १ नंबरच्या ब्रशच्या टोकाने, रंग दह्याइतका घट्ट. पातळ असेल तर ठिपका पसरून शेजाऱ्यात मिसळतो आणि सगळा उद्योग पाण्यात. शेजारच्या ठिपक्यांची उजळी साधारण सारखी असावी. गडद निळ्यात पांढरट पिवळा पडला की डोळा मिसळत नाही, नुसती खडी दिसते.

चित्र भिंतीला लावून मागे चालत जा. दोन मिलिमीटरचे ठिपके पूर्ण विरघळायला सहा-सात मीटर लागतात, तेवढा हॉल आपल्या फ्लॅटमध्ये कुठला! जिन्याजवळचा पॅसेज बरा. खरी गंमत त्याच्या अलीकडे, तीन-चार मीटरवर आहे. तिथे ठिपके धड दिसतही नाहीत, धड मिसळतही नाहीत, पृष्ठभाग थरथरतो. सराचं ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचं चित्र (१८८४-८६) जवळपास दोन बाय तीन मीटरचं आहे, म्हणजे प्रेक्षक आपोआपच मागे सरकतो. त्यातल्या गवतावरचे काही उन्हाचे ठिपके आज तपकिरी दिसतात. तो सिद्धान्ताचा दोष नाही, त्याने वापरलेला झिंक यलो काही वर्षांतच काळवंडला.

रंग कुठलाही, टोन तोच

फोव्हिझमला, आपल्या रंगभारवादाला, जास्त वेळ लागत नाही पण डोकं लागतं. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि देराँ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कोलियूरला होते. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली आणि लुई व्होसेल या समीक्षकाने त्यांना हिंस्र पशू, फ्रेंचमध्ये फोव्ह, म्हटलं. चेहऱ्यावर हिरवा पट्टा असूनही मातिसने रंगवलेला चेहरा चेहराच का राहतो? कारण त्याने रंग सोडला, टोन, म्हणजे गडद-उजळपणा, सोडला नाही.

तलावपाळीचं एक चित्र काळ्या-पांढऱ्यात, पाचच पायऱ्यांत करा. पहिली पायरी कोरा कागद, पाचवी काळी. मग नव्या कागदावर प्रत्येक पायरीच्या जागी तितक्याच गडदपणाचा, पण वस्तूशी संबंध नसलेला रंग ठेवा. देऊळ गुलाबी, पाणी नारिंगी, झाडं अल्ट्रामरीन, काहीही. तुकड्यांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर कोरा कागद सोडा, नाहीतर भडक रंग एकमेकांना चिकटून चिवडा होतो. झाल्यावर मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. तो पहिल्या चित्रासारखा दिसला तर जमलं. पिवळा कितीही जाड लावला तरी चौथ्या-पाचव्या पायरीवर जात नाही आणि जांभळा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आणायला इतका पांढरा लागतो की तो खडूसारखा पडतो. म्हणून फोव्ह चित्रांत पिवळा बहुधा उन्हातच सापडतो.

कटिंगचा ग्लास आणि क्युबिझम

आता तळं सोडून टपरीच्या बाकड्यावर या. क्युबिझम, आपला घनवाद, म्हणजे एकच वस्तू अनेक जागांवरून बघून एका चित्रात मांडणं. क्युबिस्टांचा संसार कॅफेच्या टेबलावरचा: ग्लास, बाटली, वर्तमानपत्र, पाइप. आपल्याकडे कटिंगचा ग्लास, घडी घातलेला पेपर आणि किटली. पैलूदार कटिंगचा ग्लास तर यासाठी घडवल्यासारखा आहे. वरून गोल, समोरून खाली निमुळता, बाजूला उभे पैलू, आत चहाची तिरकी रेषा.

या रीतीतली सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकतो, कारण ती दहातल्या नऊ जणांकडून होते. नेहमीसारखा ग्लास काढायचा आणि मग पट्टीने त्यावर तिरक्या रेषा मारून तडकलेल्या काचेसारखे तुकडे करायचे. दिसायला क्युबिस्ट वाटतं, पण ते एकाच जागेवरून बघितलेलं चित्र आहे, फक्त फुटलेलं. सुरुवात सेझान या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकारापासून होते. त्याच्या स्थिरचित्रांत टेबलाची कडा कापडाच्या एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्याच उंचीवर बाहेर येते, कारण दोन्हीकडे बघताना डोळा हलला होता. ब्राकने १९०८ साली लेस्ताकला सेझानच्याच मुलखात जाऊन घरं अशी रंगवली आणि पुढची चार वर्षं तो आणि पिकासो मिळून हा प्रश्न उकलत राहिले.

ग्लास, पेपर आणि किटली बाकड्यावर ठेवा. एथ्री मापाच्या पातळ कागदांवर तीन रेखाटनं करा: उभं राहून थेट वरून, बसून डोळ्याच्या पातळीवर, आणि डावीकडून तिरकं. प्रत्येकाला दहा मिनिटं, फक्त रेषा. मग खिडकीच्या काचेवर तिन्ही एकावर एक धरा, प्रत्येक दीड-दोन सेंटिमीटर सरकवून, आणि वर जाड कागद ठेवून छापून घ्या. एवढ्या रेषांचं जंगल होतं की घाबरायला होतं. आता निम्म्या खोडा. काय ठेवायचं? वरून दिसणाऱ्या ग्लासच्या गोलाचा एक तुकडा, समोरून दिसणारे दोन-तीन पैलू, किटलीच्या कानाचं वळण, पेपरच्या घडीचा कोपरा. ओळख पटेल अशा चार-पाच खुणा राहिल्या की पुरे.

रंग चारच: ऑकर, अंबर, काळा, पांढरा. भडक रंग मुद्दाम टाळायचे, नाहीतर डोळा रंग बघत बसतो आणि पृष्ठभाग विसरतो. प्रत्येक तुकडा एका कडेला गडद घ्या आणि ६ नंबरच्या ब्रशने छोट्या आडव्या फटक्यांनी दुसऱ्या कडेकडे फिका करत न्या. गडद कडा कोणती, हे दर तुकड्याला बदला. उजेड एकाच बाजूने आला की वस्तू पुन्हा गोल, भरीव दिसू लागते. प्रत्येक तुकड्याची निदान एक बाजू उघडी ठेवा, म्हणजे तिथे रेषा न घेता तो शेजाऱ्यात विरू द्या. ग्लास कुठे संपला आणि मागची हवा कुठे सुरू झाली, हे नक्की सांगता येऊ नये. सगळे तुकडे बंद केलेत तर रंगीत फरशी होते. कागदाच्या मध्यावर दाटी करा आणि कोपऱ्यांकडे विरळ होत जा. कोपऱ्यात या रीतीला काम सापडत नाही, म्हणूनच त्या दोघांनी अनेकदा लंबगोल कॅनव्हास घेतला.

१९१२ पर्यंत ही चित्रं इतकी विरली की ओळखीची खूण बाहेरून आणावी लागली. मे महिन्यात पिकासोने वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि कडेने दोरखंड लावला. सप्टेंबरमध्ये ब्राकला आव्हिन्योच्या दुकानात लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद दिसला. तो कापून त्याने कोळशाच्या रेखाटनाबरोबर कागदावर डकवला. ब्राक घर रंगवणाऱ्यांच्या घराण्यातला, कंगव्याने खोट्या लाकडाच्या रेषा ओढायचं कसब त्याने उमेदवारीतच शिकलेलं होतं. हार्डवेअरच्या दुकानात लाकडी डिझाइनचा चिकट कागद मीटरवर मिळतो, तो अर्धा मीटर आणा. बाकी मराठी पेपर आणि कोळशाची कांडी.

चिकटवलेला तुकडा आणि काढलेली वस्तू एकमेकांवर बसवायची नाहीत, एवढं सांभाळा. बाकड्याच्या आकारात लाकडी कागद कापून बाकड्यावरच लावला तर ती शाळेतली कागदकाम वही होते. लाकडी पट्टी सरकवून लावा, बाकड्याची रेषा कोळशाने तिच्यावरून पलीकडे न्या. पेपरचा तुकडा ग्लासच्या आत येऊ द्या. मथळ्यातलं एखादं अर्धं कापलेलं अक्षर, नुसती शिरोरेषा आणि एक वेलांटी, अख्ख्या शब्दापेक्षा जास्त काम करतं.

तीन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. पेपरला मागून लावून मिनिटभर थांबा, मगच चिकटवा. ओला झाला की पेपर वाढतो. न वाढलेला चिकटवलात तर कागदावर गेल्यावर वाढतो आणि सुरकुत्या पडतात. मधून कडेकडे कोरड्या फडक्याने दाबत जा, वर बटर पेपर आणि जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. चित्राचा कागद तरीही वाकत असेल तर पाठीमागे तेवढाच कोरा कागद त्याच खळीने लावा, दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन आणि आम्ल असतं, वर्षभरात तो पिवळा आणि पुढे तपकिरी होतो. पिकासोच्या कोलाजांतले पेपरही तसे झालेत. टिकवायचं असेल तर पेपरचं पान चांगल्या कागदावर झेरॉक्स करून वापरा. झेरॉक्सची शाई पाण्याने फुटत नाही, इंकजेटची फुटते.

मधल्या दोन रीती, थोडक्यात

मनात नकळत उमटणाऱ्या प्रतिमांना वाट देणाऱ्या अतिवास्तववादातल्या माक्स अर्न्स्टने १९२५ साली लाकडी जमिनीच्या रेषांवर कागद ठेवून वरून शिसं घासलं आणि उमटलेल्या खुणांतून जंगलं, पक्षी शोधले. याला फ्रोताज म्हणतात. साधा ७० जीएसएमचा कागद आणि ६बी पेन्सिल आडवी धरून घासा. झाडाची साल, गटाराचं झाकण, कडाप्पा, खिडकीची जाळी, काहीही चालेल. एका कागदावर तीन वेगवेगळे पृष्ठभाग घ्या आणि कशात काय दिसतं ते नंतर गडद करा. आधी आकार ठरवून घासलंत तर अतिवास्तववाद गेला, नुसतं टेक्श्चर उरलं.

मोंड्रियान, म्हणजे उभ्या-आडव्या काळ्या रेषा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन, सगळ्यांना सोपा वाटतो. काळ्या कागदाच्या पाच पट्ट्या वेगवेगळ्या जाडीच्या आणि एक छोटा लाल चौकोन कापा आणि एका पांढऱ्या चौकोनावर न चिकटवता अर्धा तास सरकवत बसा. एक पट्टी पाच मिलिमीटर हलली की पलीकडचा लाल चौकोन कसा जड होतो, हे तेव्हाच दिसतं. तोही न्यूयॉर्कला आल्यावर रंगीत चिकटपट्ट्या असाच कॅनव्हासवर हलवून बघायचा.

गच्चीवर: धार आणि डाग

पोलॉकने १९४७ पासून कॅनव्हास जमिनीवर पसरून दारंखिडक्यांचा पातळ इनॅमल काठीने आणि वाळून कडक झालेल्या ब्रशने वरून सोडला. ‘ऑटम ऱ्हिदम’ (१९५०) पाच मीटरहून रुंद आहे. इथे ब्रश कॅनव्हासला टेकत नाही. रेषा ठरते तीन गोष्टींवर: रंगाचा घट्टपणा, हाताची उंची, हाताचा वेग.

ऑइल पेंटचा वास आणि टर्पेंटाइन घरात नको. भिंतीला लावायचा इमल्शन पेंट १०० मिलिलिटर, फेव्हिकॉल ३० आणि पाणी २० ते ३० मिलिलिटर असं काळं, पांढरं आणि एखादं तिसरं मिश्रण करून गाळून घ्या. पाणी थोडं थोडं घाला. काठी बुडवून उचलली की एक फुटाची धार न तुटता दोन-तीन सेकंद पडली पाहिजे. थेंब पडले तर घट्ट आहे, काठीवरून भसकन उतरला तर पातळ. सोसायटीच्या गच्चीची परवानगी आधी काढा. एक मीटरच्या कापडाखाली अडीच मीटरचं प्लास्टिक हवं, रंग अपेक्षेपेक्षा लांब उडतो. वारा असेल तर नकोच.

एक फुटावरून, हात खांद्यापासून हलवत, आधी काळ्याचं जाळं. मनगट हलवलंत तर बारीक गुंतवळ होते. हात रेंगाळला की धार स्वतःवरच वेटोळी घालते आणि जिलब्या पडतात. वेग वाढवला की सुटसुटीत रेषा येते. काळं वाळू द्या, मग पुढचा रंग. सगळे ओल्यात टाकलेत तर संगमरवरी नक्षी होते, जाळं बुडतं. डबकं साचलं तर लगेच कागदाने टिपा, जाड थर वाळताना तडकतो.

हेलन फ्रँकेंथालर या अमेरिकन चित्रकर्तीने १९५२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पोलॉकची जमीन घेतली आणि धार सोडून दिली. अस्तर न लावलेल्या कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेला तेलरंग ओतून तिने तो कापडात मुरवला. तेल सुती धागा कालांतराने ठिसूळ करतं आणि डागाभोवती पिवळी कड सोडतं, म्हणून आपण अ‍ॅक्रिलिकच घेऊ. कापड म्हणजे मांजरपाट. कोरं मांजरपाट खळीचं असतं आणि खळीवर रंग मोत्यांसारखा उभा राहतो. गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा, वाळवा, इस्त्री करा. एक भाग रंग, सहा भाग पाणी, आणि प्रत्येक वाटीत चमचाभर अ‍ॅक्रिलिक मीडियम. मीडियम विसरलात तर पाण्यामुळे रंगाची पकड सुटते आणि वाळल्यावर बोटाला भुकटी लागते. कोरड्या कापडावर ओतलं तर कड स्पष्ट येते, फवारा मारून ओलसर केलेल्या कापडावर कड विरते. ५० मिलिलिटर मध्यावर ओता, कोपरा उचलून वाट द्या आणि हात मागे घ्या. तलावपाळीची संध्याकाळ अशी दोन डागांत येते, तिसरा टाकायचा मोह आवरा. वाळताना रंग बराच फिका होतो, वाटीत तो थोडा जास्तच गडद दिसला पाहिजे.

वॉरहॉल, आणि कागद सांभाळणं

१९६२ साली अमेरिकन पॉप आर्टच्या वॉरहॉलने छायाचित्र जाळीवर उतरवून तेच तोंड परत परत छापलं. घरी भरतकामाच्या रिंगमध्ये ऑरगंझा ताणा, खाली चिकट विनाइलमधून देवळाचा आकार कापून लावा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने दह्यासारखं अ‍ॅक्रिलिक एकाच ओढीत ढकला. दोनदा ओढलंत तर कडेखाली रंग शिरतो. पाच छापांनंतर जाळी धुवा, नाहीतर रंग छिद्रांत वाळून ती कायमची जाते. आधी सपाट रंगाचे तुकडे, मग वरून काळा छाप, आणि तो दोन मिलिमीटर सरकला तर सरकू द्या. त्याच्याकडेही सरकतो, छाप बुजत जातो, आणि एकसारख्या चित्रांतलं प्रत्येक वेगळं निघतं.

चार-पाच रीती झाल्या की सोमवार सोडून एखाद्या दिवशी काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा, सीएसएमटीहून चालत वीस-पंचवीस मिनिटं. १९४७ साली मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह गटाची, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांची कामं लागली असतील तर आधी पाटी वाचू नका. जवळून बघा: कडा बंद आहेत की उघड्या, अस्तर फिकट की गडद, रंग ब्रशचा की सुरीचा. अमूर्त चित्रं करणाऱ्या गायतोंडेंचा कॅनव्हास मिळाला तर तिथे रोलर आणि सुरी फिरली आहे, ब्रशच्या फटक्याच्या खुणा शोधत बसू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्याच भागात आहे, तिथे टाटांच्या संग्रहातली जुनी युरोपीय तैलचित्रं बघितली की मोनेने गडद अस्तर का सोडलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वेळ, वापरलेले रंग आणि ओतलं असेल तर प्रमाण पेन्सिलने लिहा. कागद बटर पेपर मध्ये घालून आडवे ठेवा. पावसाळ्यात मांजरपाटाची गुंडाळी प्लास्टिकमध्ये बांधू नका, आत ओल कोंडून काळी बुरशी धरते. सुती चादरीत गुंडाळून भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा पंख्याखाली उलगडा.